लांबचं पाणी

तळ्याच्या या काठावर बसलेल्याला कार्प पलीकडच्या झाडांखाली असावेत असं वाटतं आणि पलीकडच्याला ते इकडच्या झाडांखाली असावेत असं वाटतं. दोघंही मग एकमेकांच्या दिशेनं गळाचं शिसं भिरकावत बसतात. शनिवारी दुपारी असे आठ-दहा जण जमले की मासे शहाणपणानं मधल्या पाण्यात जातात, कारण तिथवर कुणाचंच शिसं पोचत नाही. मग एखादा तेरा फुटी रॉड घेऊन येतो आणि मध्यावर पोचतो. वर्षभरात तसे रॉड सगळ्यांच्या खांद्यावर दिसू लागतात. लांबचं पाणी हे असं आम्हीच तयार करतो आणि मग तिथवर जाण्यासाठी खिसा रिकामा करतो.

हे सगळं चालतं इंग्लंडच्या दक्षिणेत, केनेट नदीच्या खोऱ्यात. रेडिंगहून न्यूबरीला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलं तर झाडांच्या फटींतून एकामागून एक तळी चमकत जातात. यातली बहुतेक माणसानं खणलेली आहेत. गेल्या शतकात रस्त्यांना आणि घरांना खडी हवी होती. नदीनं हजारो वर्षं साठवलेली खडी यंत्रांनी उपसली, खड्ड्यांत पाणी झिरपलं, कंत्राटदार निघून गेले, आणि गळकऱ्यांच्या क्लबांनी ते खड्डे भाड्यानं घेऊन त्यात मासे सोडले. आता काठांवर विलो झुकलेले असतात (आपल्या वाळुंजाचे भाऊबंद), पाणकणसं माजलेली असतात, आणि इथे कधी काळी डिझेलचा धूर होता हे सांगूनही पटत नाही. तळ मात्र खणणाऱ्यांनी सोडला तसाच आहे. खडीचे लांबलचक वरंबे, मध्ये खोल चर, चरांत काळा गाळ, कुठे गवताचं रान. वरून पाणी सपाट दिसतं. खाली अर्धवट सोडलेलं काम आहे, आणि मासे त्या कामाच्या कडेकडेनं फिरतात.

कार्प म्हणजे आपल्याकडचा सायप्रिनस. उजनीकाठच्या बाजारात चिलापीशेजारी टोपलीत पडलेला असतो, तोच. भारतात तो १९३९ साली निलगिरीत आणला गेला. इंग्लंडमधला तो जुना पाहुणा. १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या इंग्रजी पुस्तिकेत तो चांगला पण विरळा मासा म्हणून येतो, आणि १६५३ साली आयझॅक वॉल्टननं त्याला नद्यांच्या राणीचा मान दिला. या राणीला इथे आता सहसा कुणी खात नाही. पकडायची, ओल्या गादीवर ठेवायची, गळ काढून तोंडाला झालेल्या जखमेला औषध लावायचं, वजन करायचं, फोटो काढायचा आणि सांभाळून पाण्यात सोडायची. आईला मी फोनवर पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

"दहा किलोचा मासा, आणि सोडून दिलास?"

"अगं आई, इथे सगळे सोडतात. त्याला नावसुद्धा आहे."

"नाव आहे? मग जेवायला तरी बोलवायचंस."

नावं खरंच असतात. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल लेक्समधली बेन्सन २००९ साली मेली तेव्हा ती बातमी वर्तमानपत्रांनी छापली. केंटमधल्या कॉनिंगब्रुक तळ्यातला टू-टोन २०१० साली गेला. त्याच्या दोन वर्षं आधी त्याचं वजन ६७ पौंड १४ औंस भरलं होतं आणि तो तेव्हा ब्रिटनमधला सगळ्यात मोठा कार्प होता. असा मासा काही दशकं जगतो आणि त्या काळात कितीतरी वेळा पकडला जातो, सोडला जातो. दर वेळी तो काहीतरी शिकून जातो. ताणलेला तंगूस अंगाला लागला की सावध व्हायचं, तळावरची आमिषाची एकटी गोळी संशयानं बघायची, शिसं पडल्याचा आवाज झाला की जागा बदलायची. म्हणजे खाण्यासाठी पकडणाऱ्या माणसाला भोळा मासा मिळतो, आणि दयाळू माणसाला विद्वान मासा मिळतो. लांब फेकण्याचा सगळा उद्योग मुळात या विद्वत्तेवरचा उतारा आहे.

दुकानात शिरलं की हा उतारा भिंतीला टेकवून ओळीनं उभा असतो. बारा फुटी, तेरा फुटी, काळेकुट्ट रॉड, आणि प्रत्येकावर एक आकडा: २.७५, ३, ३.५. हा टेस्ट कर्व्ह. रॉडचा बुंधा पक्का धरून शेंड्याला वजन टांगत जायचं. शेंडा बुंध्याशी काटकोन करील तेव्हा जितके पौंड टांगलेले असतील, तितका त्या रॉडचा टेस्ट कर्व्ह. त्यावरून दोन ठोकताळे निघतात. जितके पौंड टेस्ट कर्व्ह, साधारण तितके औंस शिसं तो रॉड सुखानं फेकतो. आणि टेस्ट कर्व्हच्या पाचपट पौंडांचा तंगूस त्याला शोभतो. हे गणित गळकऱ्यांना लावलं रिचर्ड वॉकरनं. १९५२ सालच्या १३ सप्टेंबरला त्यानं रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यात ४४ पौंडांचा कार्प पकडला. तो विक्रम १९८० साली ख्रिस येट्सनं, त्याच तळ्यात, ५१ पौंड ८ औंसांचा मासा धरेपर्यंत कुणाला मोडता आला नाही. वॉकरचा मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि क्लॅरिसा या नावानं १९७१ पर्यंत तिथल्या काचेमागे पोहत राहिला. त्या काळात तिला बघायला तिकीट काढून गेलेल्या पोरांपैकी कितीजण पुढे तळ्याकाठी बसून म्हातारे झाले असतील, याचा विचार माझ्या मनात येतो.

वॉकर व्यवसायानं अभियंता होता, आणि ते त्याच्या प्रत्येक वस्तूत दिसतं. मार्क फोर हा त्याचा रॉड बांबूचा. चीनमधून येणाऱ्या टोंकिन बांबूच्या सहा चिरफळ्या तासून, एकमेकींना चिकटवून केलेली षटकोनी काठी, दहा फूट लांब, टेस्ट कर्व्ह दीड पौंडाच्या आसपास. आजच्या साडेतीन पौंडी रॉडसमोर ती अगदी नरम. पण लांब फेकण्यातलं त्याचं खरं देणं मला विचाराल तर रॉड नव्हे, शिसं. बेडफर्डशरमधल्या आर्लसी तळ्यात मोठे पर्च लांब आणि खोल पाण्यात राहत. तिथवर पोचायला त्यानं नाकाशी जाड आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं एक शिसं ओतलं आणि निमुळत्या टोकाला फिरती कडी बसवली. आर्लसी बाँब. जड बाजू पुढे राहते, हवेत शिसं गिरक्या घेत नाही, तंगुसाला पीळ पडत नाही. आज दुकानात डझनभर नावांनी विकली जाणारी लांब पल्ल्याची शिसं याच आकाराची मुलंबाळं आहेत.

बांबूनंतर काचतंतू आला, काचतंतूनंतर कार्बन. कार्बनतंतूचं मोठं काम १९६०च्या दशकात फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात झालं; ते गाव या तळ्यांपासून मोटारीनं तासाभराच्या आत आहे. विमानासाठी शोधलेली वस्तू लवकरच गळकऱ्यांच्या हातात आली. कार्बन हलका असतो आणि वाकवला की चटकन सरळ होतो. लांब फेकण्यात महत्त्व या सरळ होण्याला आहे.

तरीही माझं मत असं की रॉडवर पैसे सगळ्यात शेवटी घालावेत. माणसं उलट करतात, कारण रॉड दिसतो, मिरवता येतो, आणि तंगूस कुणाला दिसत नाही. अंतर मात्र तंगूसच खातो. शिसं उडतं तेव्हा त्याच्यामागून शंभर यार्ड तंगूस स्पूलवरून सुटत, कड्यांना घासत, हवा कापत जात असतो. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस काढून ०.२८ चा भरला तर तोच माणूस, तोच रॉड, तेच शिसं घेऊन स्पष्ट जाणवेल इतकं पुढे जातो. मग स्पूल. रीळ मोठं हवं, स्पूल रुंद आणि तोंडाशी किंचित निमुळता हवा, आणि तंगूस स्पूलच्या काठापासून दोनेक मिलिमीटरपर्यंत भरलेला हवा. अर्धवट भरलेल्या स्पूलवरून सुटणारं प्रत्येक वेटोळं काठावर घासतं. दोन वर्षांपूर्वीचा, निम्मा तुटून गेलेला, उन्हानं कडक झालेला तंगूस रिळावर ठेवून नवा महागडा रॉड घेणारी माणसं मी बघते तेव्हा शब्द माझ्या तोंडाशी येतात, पण मी गिळते. इथे कुणी न विचारता सल्ला देणं असभ्य समजतात. हा नियम मला अजून जड जातो.

बारीक तंगुसाची अडचण उघड आहे. साडेतीन औंसांचं, म्हणजे शंभर ग्रॅमचं शिसं जोरानं भिरकावताना तो तुटतो. म्हणून पुढच्या टोकाला जाड तंगुसाचा तुकडा बांधतात, शॉक लीडर. समुद्रकिनाऱ्यावरून फेकणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: शिशाच्या प्रत्येक औंसामागे दहा पौंडांची ताकद. म्हणजे साडेतीन औंसांना पस्तीस पौंडांचा तरी लीडर, आणि तो इतका लांब की फेकताना त्याची काही वेटोळी स्पूलवरच राहिली पाहिजेत. तो बांधला नाही किंवा तंगुसाला कुठे ओरखडा असला तर फटाक् असा आवाज होतो आणि शिसं एकटंच निघून जातं. कुठे जाईल सांगता येत नाही. तो आवाज ऐकला की काठावरची सगळी माणसं मान खाली घालतात. शंभर ग्रॅम शिसं डोक्यात बसलं तर माणूस मरू शकतो, त्यामुळे फेकणाऱ्याच्या मागे आणि बाजूला कुणी उभं राहायचं नाही, हा इथला पहिला धडा. दुसरा धडा माशासाठी आहे. तंगूस मध्येच तुटला तरी मासा शिसं ओढत मरता कामा नये. शिसं सुटून पडेल अशीच जोडणी हवी, आणि लीडरची गाठ इतकी लहान हवी की जोडणी तिच्यावरून घसरून निघेल. ज्या जोडणीनं वीस यार्ड जास्त मिळतात पण मासा अडकून राहू शकतो, ती जोडणी कितीही सुरेख उडो, मी बांधत नाही.

टोकाला लटकणारी प्रत्येक वस्तू अंतराला महाग पडते. गोळी पंधरा मिलिमीटरची की अठराची, गळाला पाण्यात विरघळणाऱ्या पीव्हीएची पिशवी अडकवायची का, शिसं मध्ये ओवायचं की अगदी शेवटी. शेवटी शिसं आणि त्याच्या वर आडवा फिरणारा गळ, अशा जोडणीला हेलिकॉप्टर म्हणतात. ती सरळ उडते. गळात मात्र गोळी ओवत नाहीत. ती गळाच्या पाठीमागे एका बारीक दोऱ्यावर लोंबते. ही युक्ती लेनी मिडल्टन आणि केव्हिन मॅडॉक्स यांची. कार्प खाणं ओढून घेतो, चाचपतो, आणि गळाचं वजन जाणवलं की फुंकून टाकतो. काचेच्या टाकीत मासे बघत बसलेल्या या दोघांनी गोळी गळापासून वेगळी केली आणि ती बांधायला सुरुवातीला खरोखर माणसाचा केस वापरला. म्हणून नाव हेअर रिग. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाहेर आली आणि तोवर वर्षाकाठी दोन-चार कार्प धरणारी माणसं एका रात्रीत तितके धरू लागली. मासे काही वर्षं चक्रावले असणार. मग तेही शिकले.

आता फेकणं.

मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानात माझे आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण चालवायचे. लहानपणी मला वाटायचं, गोफण जोरात फिरवली की खडा लांब जातो. आजोबांचा दंड माझ्या मनगटाएवढा होता आणि खडा मात्र बांध ओलांडून पलीकडच्या बाभळीत जायचा. फिरवणं ते एकसारखं, सावकाश वाढत जाणारं असायचं आणि दोरीचं एक टोक सोडण्याची वेळ अचूक असायची. रॉडमध्येही नेमकं हेच आहे. शेंड्यापासून निम्म्या रॉडइतकं खाली लोंबणारं शिसं म्हणजे खडा, वाकलेला कार्बन म्हणजे दोरीचा ताण, आणि तर्जनीवरून सुटणारा तंगूस म्हणजे ते सोडलेलं टोक. फरक इतकाच की गोफणीला अनेक फेरे मिळतात. रॉडला एकच, तोही पाव फेऱ्याएवढा, आणि सगळा ताण तेवढ्यात भरायचा असतो.

मला हे शिकवलं एका निवृत्त लॉरीचालकानं. त्याच्याकडे शब्द फार नव्हते. त्यानं आधी माझा तेरा फुटी रॉड काढून घेतला. माझी उंची पाच फूट एक इंच. बारा फुटांचा रॉड मी पूर्ण वाकवू शकते, तेरा फुटांचा नुसता हलवू शकते, असं त्याचं म्हणणं. मग त्यानं पाय लावून दाखवले. डावा पाय पुढे, अंगठा पलीकडच्या झाडाकडे. वजन मागच्या पायावर. रॉड डोक्यामागे, शिसं लोंबतं आणि स्थिर. उजवा हात रिळाशी, मागे लांबवलेला. डावा बुंध्याच्या टोकाला, कपाळाच्या वर आणि पुढे. ड्रॅग पूर्ण आवळलेला, तंगूस बोटावर घेतलेला, रिळाची तार उघडलेली. नजर पाण्यावर नाही, आकाशात, पलीकडच्या झाडांच्या बऱ्याच वर. आणि मग सगळं अंग एकदम पुढे.

सगळे नवशिके उजव्या हातानं ढकलतात. मीही ढकलत होते. त्यानं माझ्या डाव्या हाताकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हा ओढायचा. बुंधा छातीकडे, बरगड्यांकडे, झटक्यानं ओढायचा. उजवा हात त्या वेळी एक टेकू असतो, त्याच्याभोवती रॉड फिरतो. ढकललं तर रॉड नुसता पुढे सरकतो. ओढलं तर शेंडा फिरतो, आणि शेंड्याचा वेग हाच शिशाचा वेग. सुरुवात हळू करायची. पहिल्याच क्षणी हिसका दिला तर रॉड लगेच वाकतो आणि शिसं निघायच्या आत ताण सांडून जातो. वाकणं वाढत वाढत शेवटी पुरं झालं पाहिजे, आणि तिथेच बोट सोडायचं. आधी सुटलं तर शिसं उभं वर जातं आणि तळ्याच्या अर्ध्यातच पडतं. उशिरा सुटलं तर आडवं जाऊन पाण्यावर आपटतं. बरोबर सुटलं की हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. अंगात ताकद उरल्यासारखी वाटते आणि शिसं मात्र चढतच असतं. हे न जाणवणं ओळखायला शिकणं, हा भाग कुणी शिकवू शकत नाही.

शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर, नीट शिकलेल्या कुणालाही जमतात. एकशेवीसला अंग आणि वारा दोघांची साथ लागते. दीडशे यार्डांवर गोळी बांधून मासेमारी करणारे थोडे. त्यापुढे मैदानावर नुसतं शिसं फेकण्याच्या स्पर्धा आहेत. त्यांचा माशाशी संबंध तितकाच, जितका भालाफेकीचा शिकारीशी.

वारा इथे बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, आणि उबदार वारा दिवसभर ज्या काठावर आदळतो त्या काठाकडे कार्प सरकतात. म्हणजे मासे हवेत तर वाऱ्याला तोंड देऊन बसायचं, आणि लांब फेकायचं तर वारा पाठीला हवा. या पेचातून सुटका नाही. समोरच्या वाऱ्यात अर्धा औंस शिसं वाढवायचं, शिसं थोडं खालून सोडायचं, आणि अंतर कमी होणार हे मान्य करायचं. आडव्या वाऱ्यात तर तंगुसाला मोठी कमान पडते. शिसं जागेवर असतं आणि तंगूस शेजाऱ्याच्या पाण्यातून फिरून येतो. इथली बरीच भांडणं अशीच सुरू होतात, फार हळू आवाजात.

पण लांब फेकणं, असं मी म्हणते तेव्हा मला अंतर अभिप्रेत नसतं. एकदा लांब जाणं सोपं आहे. अवघड आहे ते पुन्हा तिथेच जाणं. त्यासाठी काठावर दोन खुंट्या बरोबर बारा फुटांवर रोवतात. शिसं हव्या त्या जागी पडलं की तंगूस स्पूलच्या क्लिपमध्ये अडकवायचा, मग ते आत ओढून दोन खुंट्यांभोवती तंगूस गुंडाळत क्लिपपर्यंत मोजायचं. एका खुंटीपासून दुसरीपर्यंतचा तंगूस म्हणजे एक रॅप, चार यार्ड. पंचवीस रॅप म्हणजे शंभर यार्ड. दुसरा रॉडही तेवढ्याच रॅपवर क्लिप करता येतो. आणि तिसरी एक जाडजूड काठी असते, जिच्या टोकाला स्पॉड नावाचं पोकळ प्लॅस्टिकचं भांडं बांधतात, त्यात मका, हेम्प, गोळ्यांचा चुरा भरतात. तीही तेवढ्याच रॅपवर. म्हणजे खाणं आणि गळ एकाच चटईएवढ्या जागेवर पडतात. दहा फूट इकडेतिकडे झालं तर मासे खाणं खाऊन जातात आणि गळ शेजारच्या चरात उपाशी बसतो. माझ्या वहीत नोंदी आहेत: दोन पाइनमधली फट, २४ रॅप. विजेच्या खांबाच्या डावीकडे एक बोट, २७. वही तळ्यावर नेली नाही तर मी मासे पकडायला गेले असं मी मानत नाही.

क्लिपची गंमत शेवटच्या क्षणात आहे. शिसं उतरायला लागतं, रॉड उभा धरायचा, आणि तंगूस क्लिपला लागून ताणला जाईल त्या क्षणी रॉड पुढे झुकवून तो धक्का पचवायचा. नाही पचवला तर शिसं उसळून मागे येतं, चार-पाच फूट अलीकडे पडतं, आणि सगळी मोजणी वाया. पचवला की तंगूस ताठ ठेवून शिसं खाली जाताना मोजत राहायचं. तळाला लागल्याचा निरोप शंभर यार्डांवरून हाताला येतो. खडीवर पडलं तर टक्, स्पष्ट. गाळात पडलं तर धप्, मऊ. गवतात पडलं तर काहीच नाही, आणि ते काहीच नाही हेही नेमकं कळतं. कित्येक माणसं फेकतात, रॉड ठेवतात आणि चहा करायला वळतात. त्या एका टक्साठी मी पाच वेळा शिसं परत आणते, पण पाच वेळा आपटल्यावर तिथे मासा कशाला थांबेल, असंही स्वतःला विचारते. दोन्ही खरं आहे. मध्यरात्री मासा लागल्याचा अलार्म ओरडायला लागला, मासा धरला, सोडला, आणि पुन्हा फेकायचं असेल तर अंधारात पाइन दिसत नाहीत, फक्त आकाशाच्या कडेवर काळी फट दिसते. तरी क्लिप लागते आणि टक् येतो. या गोष्टीचं मला जितकं समाधान आहे तितकं माशाचं नाही, हे मी क्लबात बोलत नाही.

शिशाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शिशाचे लहान छर्रे गिळून हंस विषबाधेनं मरत असत, म्हणून १९८७ च्या सुरुवातीपासून इंग्लंडमध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची, म्हणजे एक औंसापर्यंतची शिशाची वजनं गळाला लावायला बंदी झाली. कार्पवाल्यांची मोठी शिसं त्या मापाबाहेर असल्यानं सुटली. ती हंसाच्या घशात जात नाहीत हे खरं, पण तुटून तळाशी पडलेल्या शिशाचं तिथे काय होतं हा प्रश्न राहतोच. मी आता शक्य तिथे दगडाची वजनं वापरते. ती आकारानं मोठी, हवेत जड चालतात, आणि माझे दोन रॅप कमी झाले.

गळ टाकायला इथे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा परवाना लागतो, आणि कार्पवाल्यांसाठी तीन रॉडचा परवाना मिळतो. माझे दोन रॉड लांब जातात. तिसरा मी काठालाच ठेवते: पाणकणसाच्या मुळाशी, पाय न वाजवता, शिसं हातानं सोडल्यासारखं खाली उतरवून, तंगूस पूर्ण सैल. सगळी नजर आणि सगळं शिसं लांब गेल्यामुळे पायाखालचं पाणी दिवसभर कुणी हलवलेलं नसतं, आणि संध्याकाळी मासे तिथे निवांत येतात. वहीत बघितलं तर निम्म्याहून जास्त मासे या तिसऱ्या रॉडचे आहेत. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं साहजिकच विचारलं, मग ते लांबचे दोन कशाला?

"ते फेकायला आहेत," मी म्हटलं.

"आजोबांवर गेलीस," आई म्हणाली. "गोफण ऐकायला सगळा गाव थांबायचा. ज्वारी पाखरं खायची ती खायचीच."